राजापूरची पेठ, बंदर आणि डोंगरची माती

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात राजापूर हे तालुक्याचे लहानसे शहर आहे. अर्जुना नदीस कोदवली नदी जेथे मिळते त्या ठिकाणी, समुद्रापासून सुमारे पंधरा मैल आत, डोंगराच्या कुशीत ते वसलेले आहे. १९०१ च्या खानेसुमारीत येथील वस्ती पाच हजारांच्या आसपास होती. २०११ च्या खानेसुमारीतही ती दहा हजारांच्या आतच भरली. शंभरांहून अधिक वर्षांत ज्या गावाची वस्ती दुप्पटही झाली नाही, ते गाव एके काळी विलायतेच्या, फ्रान्सच्या आणि अरबस्तानाच्या व्यापाऱ्यांस ठाऊक होते, हे आज तेथील एस. टी. स्थानकावर उतरणाऱ्यास सांगितले तर खरे वाटावयाचे नाही.

ह्या गावाच्या जुन्या इमारती कोणत्या, तेथील पहिला व्यापार कसा चाले व तो का उठला, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे योजिले आहे. शेतकऱ्यांच्या मासिकात बंदराची हकीकत कशास, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, राजापूरचे बंदर शेतातल्या मातीने बुजले. म्हणून ही हकीकत शेतकऱ्याने वाचण्याजोगी आहे.

बंदर आणि घाट

राजापूरची भरभराट दोन वाटांमुळे झाली. एक वाट पाण्याची. भरतीच्या पाण्यावर गलबते जैतापुरावरून खाडीने वर येत व थेट गावाच्या दगडी धक्क्यास लागत. दुसरी वाट घाटाची. अणस्कुऱ्याच्या घाटाने लमाणांचे व वाण्यांचे लादलेले बैल कोल्हापूर प्रांतातून खाली उतरत. घाटावरचा गूळ, धान्य, हळद, तंबाखू असा माल खाली यावा आणि मीठ, नारळ, खोबरे, सुकी मासळी, खजूर असा माल वर जावा, असा हा क्रम होता. जेथे बैलाची पाठ मोकळी होते आणि गलबताचे पोट भरते, तेथे पेठ वसावयाचीच. वखारवाले, दलाल, सराफ, हमाल, तांडेल, खलाशी, गोणपाट शिवणारे, बैलांस नाल मारणारे अशा अनेकांची पोटे ह्या एका अदलाबदलीवर चालत.

मिरी व वेलदोडे हा त्या काळचा मोलाचा माल. तो हाती यावा म्हणून इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १६४९ च्या सुमारास येथे वखार घातली. येथील बड्या व्यापाऱ्यांनाही ते हवेच होते. कारण डच लोकांशी चढाओढ करणारा दुसरा गिऱ्हाईक असल्यावाचून मालास भाव येत नाही, हे त्यांस पुरते कळत होते. एकाच खरेदीदाराच्या तोंडाकडे पाहत बसणाऱ्या आजच्या आंबा व काजू बागाइतदारास ही साडेतीन शतकांपूर्वीची अक्कल अजून घेण्यासारखी आहे. पुढे फ्रेंचांनीही येथे वखार काढली.

इंग्रजांच्या वखारीची पुढली कथा प्रसिद्ध आहे. १६६० साली सिद्दी जौहराने पन्हाळ्यास वेढा घातला तेव्हा राजापूरच्या वखारीतील हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे सोबती तोफा-दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीस गेले. व्यापाऱ्याने तराजू सोडून तोफेस हात घातला, त्याचे फळ त्यांस लवकरच मिळाले. १६६१ च्या आरंभी शिवाजी महाराजांनी राजापुरावर चालून जाऊन वखार जप्त केली व इंग्रजांस कैदेत घातले. त्यांची सुटका १६६३ साली झाली. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा राजापूरच्या नुकसानीची भरपाई म्हणून दहा हजार होनांचा करार ठरला. त्यानंतर वखार पुन्हा उघडली खरी, परंतु ती फार वर्षे टिकली नाही.

पुढे १७१३ त राजापूर आंग्ऱ्यांकडे, १७५६ त पेशव्यांकडे व १८१८ त इंग्रज सरकारकडे गेले. इतक्या राजवटी बदलल्या तरी पेठ चालू राहिली, ही गोष्ट लक्षात ठेवावी. राजा बदलल्याने बंदर मरत नाही.

जुन्या इमारती

१८८० साली रत्नागिरी जिल्ह्याचे गॅझेटिअर प्रसिद्ध झाले. त्यांत राजापुरास कोकणातील सर्वांत जुनाट दिसणारे व सर्वांत चांगले राखलेले शहर म्हटले आहे. रस्ते चढउताराचे व अरुंद, बाजारपेठ फरसबंद व वरून छप्पर घातलेली, असे त्याचे वर्णन आहे. कोकणात जेथे शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, तेथे गिऱ्हाइकास न भिजता एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाता यावे व पोत्यांतील मालही कोरडा राहावा, ह्यासाठी ही योजना होती. ती शोभेकरिता नव्हती, उपयोगाकरिता होती.

इंग्रजांची वखार म्हणजे भक्कम दगडी इमारत. तिचे आवार खाडीपर्यंत उतरत गेलेले. माल गलबतातून उतरला की परस्पर आवारात यावा, अशी ती रचना होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या इमारतीत सरकारी कचेरी भरत असे. जेथे मिरीची मापे झाली तेथे पुढे साऱ्याची मापे झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

गावाच्या मध्यभागी विठोबाचे देऊळ असून तेथे वर्षांतून दोनदा जत्रा भरत असे. गावापासून थोड्या अंतरावर धोपेश्वर येथे मृडानी नदीच्या धबधब्याकाठी धूतपापेश्वराचे देवस्थान आहे. ह्या दैवताचे नाव तालुक्याबाहेर पुष्कळ दूर गेले आहे; कारण वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक ह्यांनी १८७२ साली पनवेलीस आयुर्वेदीय औषधांचा जो कारखाना काढला, त्यास त्यांनी हेच नाव दिले. त्याचप्रमाणे 'राजापुरी पंचा' हे शब्द मराठी घरांत अजून चालतात. जिन्नसास गावाचे नाव चिकटते ते त्या गावच्या पेठेची पत असते म्हणून.

पेठेतील जुनी घरे जांभ्या दगडाची. पुढे दुकान, मागे राहते घर, वर माळा, अशी त्यांची सर्वसाधारण धाटणी. पूर्वी छपरावर नळीची कौले असत; मंगळुरी कौलांचा कारखाना १८६५ च्या सुमारास निघाल्यानंतर तीही समुद्रमार्गाने येऊ लागली. माळ्याचा उपयोग येथे दुहेरी आहे. एरवी तो साठवणीचा. पावसाळ्यात नदी फुगली की खालच्या दुकानातील माल वर चढविण्याचा. आजही जवाहर चौकात पाणी शिरू लागल्याची आवई उठली की व्यापाऱ्यांची पहिली धाव माळ्याकडेच असते.

नगरपालिका येथे १८७६ साली स्थापन झाली. कोदवली नदीस गावाच्या वर सुमारे तीन मैलांवर बांध घालून नळाने शहरास पाणी आणण्याचे कामही त्याच सुमारास झाले. लोक त्यास 'सायबाचे धरण' म्हणतात. पाणी उंचावरून आपल्या वजनाने खाली येते. त्यास यंत्र लागत नाही की तेल लागत नाही. लहान गावाने आपल्या ऐपतीत केलेले असे शहाणपणाचे काम त्या काळी जिल्ह्यात विरळा.

बंदर कसे बुजले

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. त्याच १८८० च्या गॅझेटिअरांत एक वाक्य असे आहे की ते वाचून विचारी मनुष्याने थांबावे. अरबी गलबते अद्याप थेट व्यापार करितात असे रत्नागिरीचे हे एकच बंदर आहे. तथापि मोठ्या गलबतास जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबावे लागते, असा त्याचा आशय आहे. म्हणजे गिऱ्हाईक होते, माल होता, पेठ होती, धक्काही शाबूत होता. फक्त धक्क्याखाली पाणी उरले नव्हते. गाळाने खाडी भरली होती.

पुढे मोठा व्यापार खाली जैतापुरास उतरला. मुंबईच्या आगबोटी विसाव्या शतकात बराच काळ तेथेच लागत. मग सडका झाल्या, मोटारी आल्या, आगबोटीही बंद पडल्या. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली; तिचे 'राजापूर रोड' स्थानक शहरापासून बरेच दूर पडले. अशा रीतीने पेठेचा जीव थोडा थोडा करून गेला. पण सडक व रेल्वे ह्यांस पहिला दोष देणे बरोबर नाही. धक्का निकामी झाला तो त्यांच्या पुष्कळ आधी.

हा प्रकार एकट्या राजापुरापुरता नाही. शेजारचे खारेपाटण पाहा. शके ९३० म्हणजे इ. स. १००८ चा शिलाहार राजा रट्टराज ह्याचा ताम्रपट तेथे सापडला आहे. एवढे ते जुने ठिकाण. तेही एके काळी नावाजलेले बंदर होते व तेही गाळाने गेले. कोकणातील खाड्यांच्या टोकाशी वसलेल्या पुष्कळ पेठांची कथा कमीअधिक हीच आहे.

हा गाळ येतो कोठून? सह्याद्रीच्या पायथ्यापासून खाडीपर्यंत नदीची वाट थोड्या मैलांची आणि उताराची. पाणी वेगाने खाली येते व वाटेत सुटी माती सापडेल ती घेऊन येते. राजापुराजवळ उतार संपतो, दोन नद्यांची गाठ पडते आणि समोरून भरतीचे पाणी आडवे येते. वेग मोडला की पाणी हातातले ओझे टाकते. पुढे आठ महिने नदीत जोर नसल्यामुळे तो गाळ पुढे सरकत नाही. दर वर्षी थोडा थोडा साचून पात्र उंच होते. पात्र उंच झाले की पहिला परिणाम बंदरावर आणि दुसरा पेठेवर. कारण ज्या पाण्यास नदीत जागा नाही ते रस्त्यावर येणारच. बंदर बुजणे आणि पेठेत पूर येणे ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत.

थोडा हिशोब करून पाहावा. एक इंच पाऊस एका एकरावर पडला म्हणजे सुमारे शंभर टन पाणी पडले. वर्षास शंभर इंच धरले तर एकरी दहा हजार टन. हे पाणी उघड्या उतारावरून धावले तर काय होईल? एका एकरावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा मातीचा थर गेला, तरी ती माती चार घनमीटर भरते व तिचे वजन पाच टनांवर जाते. बैलगाडीत अर्धा टन माल धरला तर दहा गाड्या झाल्या. एक मिलिमीटर गेल्याचे डोळ्यांस दिसत नाही, पायास लागत नाही आणि त्याच वर्षी पिकातही फरक पडत नाही. म्हणूनच ह्या चोरीचा बोभाटा होत नाही.

वरकसाची कथा

राजापूर तालुक्यात भाताची खाचरे थोडी आणि वरकस व कातळ पुष्कळ. भाताच्या खाचरास बांध असतो. तेथील माती सहसा जात नाही, उलट वरची येऊन मिळते. खरे नुकसान वरकसाचे. नाचणी व वरी ह्यांसाठी उतार भाजावा, नांगरावा, दोनतीन वर्षे पीक घ्यावे आणि मग ती जमीन पुष्कळ वर्षे पडीक टाकावी, ही जुनी चाल होती. पडीक काळात गवत व झुडपे वाढून जमीन सावरत असे. माणसे वाढली, तसा पडीक काळ कमी झाला. शिवाय दर वर्षी राबासाठी झाडांच्या फांद्या छाटल्या जात, त्यामुळे उतारावर सावलीही राहिली नाही.

खोतीच्या अमलात कुळास पुढील साली तोच तुकडा आपल्या हाती राहील अशी खात्री कमी, आणि खोताचे लक्ष आलेल्या पिकाच्या वाट्यावर. मग उतारावर ताली घालण्याचे कष्ट कोणी करावे? १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली व कसणाऱ्याच्या नावावर जमीन आली. पण उतारावर बांध घालण्याची सवय कायद्याबरोबर आपोआप आली नाही. त्यातून रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक रान खासगी मालकीचे. दहापंधरा वर्षे वाढलेले रान ठेकेदारास सरपणासाठी वा कोळशासाठी विकावे, आलेले पैसे लग्नकार्यास लावावेत, हा रिवाज अजूनही मोडलेला नाही. नड सर्वांनाच असते. परंतु विकलेल्या रानाबरोबर त्याखालची मातीही जाते, आणि तिची किंमत कोणी मागत नाही व कोणी देतही नाही.

महसूल खात्यात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या कारकुनास येथे एक गोष्ट फार लागते. नदीने काठची जमीन कातरून नेली अथवा मळई टाकून नवी दिली, तर त्याचा विचार १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात होता व १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही आहे. काठ गेला तर मोजणी होते, आकार कमी होतो, दप्तरी नोंद पडते. परंतु डोंगरावरच्या नंबरातील माती संपून खाली कातळ उघडा पडला, तरी सात-बारावर क्षेत्र तेच राहते. एकर कायम आणि शेत नाहीसे, असा हा प्रकार आहे. ज्याची नोंद नाही त्याची तक्रार नाही, आणि ज्याची तक्रार नाही त्याचा उपायही नाही.

आज करावयाचे काय

१९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवडीची योजना निघाली व कोकणातील वरकसावर आंबा-काजू मोठ्या प्रमाणात आला. नांगराखालचा उतार झाडाखाली आला, हे चांगलेच झाले. मात्र अलीकडे यंत्र लावून सारा डोंगर एका उन्हाळ्यात सोलावयाचा, मग खड्डे मारून कलमे लावावयाची, अशी घाई दिसते. कलम मोठे होईपर्यंतच्या चारपाच पावसाळ्यांत तेथील माती वाहून जाते. बाग उभी राहते ती मुरमावर, आणि मग खताचा खर्च का वाढला म्हणून बागाइतदार कपाळास हात लावतो.

तेव्हा उतारावरच्या शेतकऱ्याने पुढील गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते. सारा उतार एकदम उघडा करू नये. कलमाभोवतीचे आळे तेवढे साफ करून मधले गवत ठेवावे व कापून आच्छादनास वापरावे. समपातळीत दगडी ताली घालाव्यात. दगड तेथलाच असतो, मजुरी तेवढी लागते. तालीच्या वरच्या अंगास वाळा लावावा. त्याची मुळे खोल जातात व गुरे त्याच्या वाटेस फारशी जात नाहीत. रान विकावयाचेच झाले तर ओढ्याच्या दोन्ही काठांचा पट्टा राखून विकावे. पावसाळा संपताच ओढ्यांवर वनराई बंधारे घालून पाणी अडवावे; कामाच्या मानाने खर्च थोडा.

झालेल्या गाळाचाही विचार केला पाहिजे. अलीकडच्या वर्षांत अर्जुना व कोदवली ह्यांच्या पात्रांतील गाळ काढण्याचे काम लोकांनी, सेवाभावी संस्थांनी व सरकारने मिळून केले आहे. २०१७ सालापासून सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजनाही आहे. काढलेला गाळ नदीकाठीच टाकला तर पुढल्या पावसात तो पुन्हा पात्रात जातो, हे सांगावयास नको. त्यातील वाळू-गोटे निराळे करून बारीक माती ज्याच्या शेतात चढेल त्याच्या शेतात चढविली, तरच काम पुरे झाले. खाऱ्या पाण्याच्या भागातील गाळ मात्र शेतात टाकण्यापूर्वी तपासून घ्यावा.

तथापि गाळ काढणे हा उपचार झाला, पथ्य नव्हे. वरून माती येत राहिली तर काढलेले पात्र काही वर्षांत पुन्हा भरेल. सायबाचे धरण ह्याच गाळाने भरत गेले व शहरास उन्हाळ्यात पाण्याची ओढ लागू लागली. अर्जुनेवर करक येथे मध्यम प्रकल्पाचे नवे धरण झाले आहे; त्याच्या डोक्यावरही तोच डोंगर व तीच माती आहे. उन्हाळे येथील गंगेच्या चौदा कुंडांस पाणी केव्हा येईल व केव्हा जाईल ह्याविषयी लोक नाना तर्क करितात. पूर्वी साधारण तीन वर्षांनी येणारी गंगा अलीकडे अनियमित येते. त्याचे कारण काही असो, डोंगराने पाणी पोटात धरिले तरच झऱ्यास पाणी, आणि डोंगराच्या अंगावर माती राहिली तरच त्याने पाणी पोटात धरावयाचे, एवढे तर्काशिवायही कळते.

जुन्या इमारती राखाव्यात असे सर्वच म्हणतात. त्यांची डागडुजी व्हावी, जांभ्याच्या भिंतीस जांभाच लावावा, पेठेचे जुने रूप बिघडवू नये, हे सर्व योग्यच आहे व ते राजापूरकरांनी करावे. परंतु दर पावसाळ्यात ज्या पेठेत कमरेइतके पाणी चढण्याचे भय, तेथे भिंतीस चुना देऊन किती दिवस निभणार? पेठेची डागडुजी करक, कोदवली, धोपेश्वर इकडील उतारावर सुरू झाली पाहिजे, आणि ती करणारा हात गवंड्याचा नसून शेतकऱ्याचा आहे.

राजापूरच्या धक्क्यास आता गलबत लागणार नाही, हे उघड आहे. त्याविषयी हळहळ करीत बसण्यात अर्थ नाही. पण ज्या मातीने ते बंदर बुजविले ती कोणाच्या तरी वरकसातून गेलेली होती. जी अजून डोंगरावर शिल्लक आहे ती तेथेच राहावी, एवढे आपल्या हाती आहे. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक बागाइतदाराने आपल्या उतारावर निदान एक ताल घालावी, इतके सुचवून हा लेख पुरा करितो.